सांगकाम्या खेळगडी

खेळ म्हटला की प्रतिस्पर्धी आलाच. आट्यापाट्यांची पाटी असो, हुतूतूचे मैदान असो की बुद्धिबळाचा पट असो, आपल्यासमोर कोण आहे हे आपल्याला स्पष्ट दिसत असते. त्याला लागलेला दम आपण ऐकतो, त्याच्या कपाळावरची आठी पाहतो आणि त्यावरून पुढील डावाचा अंदाज बांधतो. इंटरनेटवर खेळल्या जाणाऱ्या खेळांत मात्र ही सोय नसते. तेथे आपला प्रतिस्पर्धी शेजारच्या गल्लीत असेल किंवा सातासमुद्रापलीकडे असेल. आपल्याला दिसते ते केवळ त्याने धारण केलेले नाव आणि पडद्यावर हालचाल करणारी त्याची आकृती. त्या आकृतीमागे खरोखर कोणी माणूस बसला आहे काय, अशी शंका म्हणूनच मनात येते.

ही शंका निराधार नाही. पुष्कळदा त्या आकृतीमागे माणूस नसतो. माणसाच्या वतीने खेळणारी संगणकाची एक आज्ञावली तेथे काम करीत असते. तिला इंग्रजीत 'बॉट' म्हणतात. मराठीत अशा आज्ञावलीला 'सांगकाम्या' हे मोठे समर्पक नाव मिळाले आहे. जेवढे सांगितले तेवढे बिनचूक करावयाचे आणि न सांगितलेले काहीच करावयाचे नाही, हा सांगकाम्याचा स्वभाव आपण गोष्टींतून ऐकलेला आहे. हा सांगकाम्या खेळतो कसा, लपतो कसा आणि सापडतो कसा, हे आपण आता पाहू.

माणूस खेळतो आहे की यंत्र, हा प्रश्न संगणकाच्याही पूर्वीचा आहे. इ. स. १७७० मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेन नावाच्या अधिकाऱ्याने एक अद्भुत यंत्र सादर केले. सुमारे साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी एक लाकडी पेटी होती. तिच्यामागे तुर्की पोशाख केलेला, डोक्यास फेटा बांधलेला एक पुतळा बसविला होता आणि पेटीवर बुद्धिबळाचा पट मांडला होता. खेळ सुरू होण्यापूर्वी केम्पेलेन पेटीची दारे एकामागून एक उघडून आतील चाके व दाते सर्वांना दाखवी. नंतर किल्ली फिरविली की पुतळ्याचा डावा हात हले, बोटे मोहरा उचलीत आणि नेमक्या घरात नेऊन ठेवीत. हा 'तुर्क' पुढे युरोप व अमेरिका या खंडांत ऐंशीहून अधिक वर्षे गाजत राहिला. इ. स. १८०९ मध्ये नेपोलियनसारखा सेनापती त्याच्यासमोर खेळावयास बसला आणि हरला.

वस्तुतः त्या पेटीत बुद्धिबळात निष्णात असलेला एक माणूस दडलेला असे. त्याचे आसन सरकते होते. एक दार उघडले की तो दुसऱ्या बाजूस सरके, दुसरे उघडले की पहिल्या बाजूस परते. मोहऱ्यांच्या तळाशी लोहचुंबक बसविलेले होते. वर कोणता मोहरा हलला, हे पटाच्या खालच्या अंगास असलेल्या खुणांवरून त्याला समजे. मग मेणबत्तीच्या प्रकाशात आपला छोटा पट पाहून तो पुतळ्याचा हात चालवी. मेणबत्तीचा धूर कोणाच्या ध्यानात येऊ नये, म्हणून पेटीवरही मेणबत्त्या तेवत ठेवीत.

आता एक मौजेची गोष्ट पाहा. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने हा तुर्क पाहिला आणि १८३६ साली त्याविषयी एक निबंध लिहिला. पेटी फोडून पाहण्याची त्याला मुभा नव्हती. तेव्हा त्याने केवळ निरीक्षण केले. त्याच्या असे लक्षात आले की, तुर्काच्या खेळी ठराविक कालावधीने होत नाहीत. समोरचा खेळाडू जसा वेळ घेतो, तसा तुर्कही कमीअधिक वेळ घेतो. घड्याळाप्रमाणे चालणारे यंत्र असते, तर त्याच्या दोन खेळींमधील अंतर सारखे राखणे मुळीच अवघड नव्हते. ज्या अर्थी अंतर सारखे नाही, त्या अर्थी आत विचार करणारा माणूस आहे, असा तर्क त्याने केला. त्याचे सर्वच तर्क बरोबर नव्हते, पण निष्कर्ष खरा होता. इ. स. १८५४ मध्ये फिलाडेल्फिया शहरात लागलेल्या आगीत तो तुर्क जळून गेला आणि त्यानंतर त्याचे रहस्य छापून प्रसिद्ध झाले.

तुर्काच्या पेटीत माणूस यंत्राचे सोंग घेऊन बसला होता. आज इंटरनेटवरील खेळांत यंत्र माणसाचे सोंग घेऊन बसते. सोंग उलटे झाले आहे. परंतु ते ओळखण्याची पोची युक्ती मात्र अद्यापि उपयोगी पडते, हे पुढे दिसून येईल.

प्रथम सांगकाम्याची रचना समजून घेऊ. कोणताही खेळ खेळताना आपण तीन क्रिया करतो: पाहतो, ठरवितो आणि कृती करतो. सांगकाम्यालाही या तीन क्रिया कराव्या लागतात. पाहण्यासाठी तो पडद्यावरील रंग व आकार तपासतो, किंवा खेळ चालू असताना संगणकाच्या स्मृतीत साठविलेली माहितीच थेट वाचतो. ठरविण्यासाठी त्याच्यापाशी नियमांची यादी असते. 'पुढे चाल. शत्रू दिसला तर थांब. तलवार चालव. शत्रू पडला तर त्याचे सोने उचल. पुन्हा पुढे चाल.' अशी ती यादी असते. शेवटी, एखादी कळ दाबली गेली आहे असा संदेश संगणकाला पाठवून तो कृती घडवून आणतो. त्यासाठी कोणाचे बोट हलावे लागत नाही. यादी जितकी बारकाईने केलेली असेल, तितका सांगकाम्या तरबेज होतो.

कोणी म्हणेल, खेळ हा आनंदासाठी असतो. तो दुसऱ्याकडून खेळवून घेण्यात कसला आनंद? हा प्रश्न रास्त आहे. पण सांगकाम्या जन्मास येतो तो खेळातील कंटाळवाण्या भागामुळे. याचे एक प्रसिद्ध उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाचे आहे. अमेरिकेतील ब्लिझर्ड या कंपनीने हा खेळ २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक जगात एखाद्या वीराचे रूप घेतो आणि लढत, शोध घेत, धन मिळवीत एकेक पायरी वर चढतो. तेथे एकाच वेळी हजारो लोक वावरत असतात आणि परस्परांत देवघेवही करतात. मात्र वरची पायरी गाठण्यासाठी तीच तीच कामे शेकडो वेळा करावी लागतात. हे कष्ट टाळण्यासाठी 'ग्लायडर' नावाचा एक सांगकाम्या २००५ साली विक्रीस आला. मालक झोपलेला असताना ग्लायडर त्याच्या वतीने लढे आणि सोने गोळा करी. सकाळी उठून पाहावे, तो आपला वीर पुष्कळ पुढे गेलेला!

त्याच वर्षी ब्लिझर्डने 'वॉर्डन' नावाची एक पहारेकरी आज्ञावली नेमली. खेळात प्रवेश देण्यापूर्वी वॉर्डन खेळाडूच्या संगणकाच्या स्मृतीची झडती घेई आणि खेळ चालू असतानाही अधूनमधून तपासणी करी. एखाद्या माहितगार सांगकाम्याची खूण दिसली की त्या खेळाडूला बाहेर काढण्यात येई. ग्लायडर वापरणारे बहुतेक लोक अशा रीतीने पकडले गेले. तेव्हा ग्लायडरच्या निर्मात्यांनी आपल्या आज्ञावलीत असे फेरफार केले की वॉर्डनला ती ओळखता येऊ नये. आणि अधिक चांगले लपविणारी आवृत्ती ते अधिक पैसे घेऊन विकू लागले. पहारेकऱ्याने नवा कंदील आणावा, चोराने नवे घोंगडे पांघरावे, असा हा प्रकार होय.

चेहरा असा बदलता येतो. परंतु चालण्याची लकब लपविणे कठीण असते. म्हणून झडतीबरोबरच दुसरा एक मार्ग पुढे आला, तो म्हणजे वागणुकीच्या निरीक्षणाचा. सांगकाम्या दमत नाही. वीस-वीस तास तो सारख्याच तत्परतेने काम करतो. तो दर वेळी त्याच वाटेने जातो, त्याच जागी वळतो. त्याच्या दोन कृतींमधील अंतर मोजले, तर ते तंतोतंत सारखे भरते. वाटेत कोणी 'काय मित्रा, कसा आहेस?' असे विचारले, तर तो उत्तर देत नाही. कारण ते त्याच्या यादीत लिहिलेले नसते. खेळाची नोंद ठेवणाऱ्या संगणकाला या सर्व गोष्टी मोजता येतात.

हे समजताच सांगकाम्या घडविणारे त्याला माणसाच्या खोडी शिकवू लागले. कधी चटकन कृती कर, कधी क्षणभर थांब. कधी वाट थोडी बदल. कधी जाणूनबुजून चूक कर. काही तासांनी विश्रांती घे. मालकाला कष्ट नकोत, म्हणून ज्याला निर्माण केले, त्यालाच आळस आणि चुका शिकविण्याचे कष्ट आता घ्यावे लागले, यातील विनोद तुमच्या ध्यानात आला असेलच.

एवढे करूनही सोंग पुरतेपणी वठते असे नाही. याचे कारण समजण्यासाठी बुद्धिबळाचे उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या राजाला शह मिळाला आहे आणि त्यातून सुटण्यासाठी एकच खेळी शक्य आहे. ती तुम्ही पटकन खेळाल. पुढच्या वेळी पटावर गुंतागुंत झाली, वजीर धोक्यात आला, तर तुम्ही डोके धरून बसाल. तुमचा वेळ कमीअधिक होतो, तो पटावरील अडचणीप्रमाणे. सांगकाम्याने घेतलेला वेळही कमीअधिक असतो, पण तो फासे टाकून ठरविलेला असतो. सोप्या खेळीस तो उगाच रेंगाळतो आणि बिकट खेळीस तत्काळ उत्तर देतो. नुसता अनियमितपणा म्हणजे मनुष्यपण नव्हे. माणसाच्या थांबण्याला कारण असते आणि त्याच्या चुकीलाही कारण असते. तो दमला की चुका वाढतात, सरावला की कमी होतात, शत्रू बलाढ्य दिसला की हात कापतो. पोने तुर्काविषयी नेमके हेच टिपले होते: समोर जे घडते, त्याच्याशी खेळणाऱ्याच्या वेळेचा मेळ आहे की नाही? तेथे मेळ दिसला म्हणून माणूस ओळखला गेला. येथे मेळ दिसत नाही म्हणून यंत्र ओळखले जाते.

मात्र न्याय करणाऱ्यालाही येथे सावध राहावे लागते. एखादा खरा खेळाडू सुटीच्या दिवसात रात्रंदिवस खेळत राहतो. एखादा अबोल असतो आणि कोणाच्या प्रश्नास उत्तर देत नाही. एखाद्याला हाताच्या व्यंगामुळे विशेष साधन वापरून खेळावे लागते, आणि त्याच्या हालचाली इतरांहून वेगळ्या दिसतात. एका खुणेवरून अशा निरपराध्याला सांगकाम्या ठरविणे हा अन्याय होईल. म्हणून अनेक खुणा एकत्र जुळल्यावाचून निर्णय करू नये आणि ज्याच्यावर ठपका आला त्याचे म्हणणेही ऐकून घ्यावे, हेच उचित होय.

आता तुम्ही विचाराल, एवढा आटापिटा कशासाठी? एकाने आपला खेळ यंत्राकडून खेळवून घेतला, तर दुसऱ्याचे काय बिघडले? पुष्कळ बिघडते. काल्पनिक जगातील सोन्याला किंमत येते ती ते मिळविण्यास लागणाऱ्या वेळामुळे. सांगकामे रात्रंदिवस सोने गोळा करू लागले की त्याचा सुकाळ होतो. सुकाळ झाला की त्याचे मोल उतरते आणि वस्तूंचे भाव चढतात. मग शाळेचा अभ्यास आटोपून संध्याकाळी तासभर खेळणाऱ्या मुलाला त्याच्या श्रमाने मिळालेल्या सोन्यात काहीच विकत घेता येत नाही. त्याने कोणाचे वाईट केलेले नसते. तरी त्याचा तास वाया जातो. डिसेंबर २००४ ते मार्च २००८ या काळात ब्लिझर्डकडे सांगकाम्यांविषयी सुमारे ४,६५,००० तक्रारी आल्या. त्या तक्रारी करणारे बहुतांशी असे साधे खेळाडूच होते.

हा तंटा शेवटी न्यायालयात गेला. तोवर ग्लायडरचे सुमारे १,२०,००० परवाने विकले गेले होते आणि त्यापासून ३५ लाख डॉलर मिळाले होते. इ. स. २००९ मध्ये ग्लायडरची विक्री बंद करावी लागली. १४ डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेतील अपील न्यायालयाने जो निकाल दिला, तो विचार करण्याजोगा आहे. सांगकाम्याकडून खेळणे हा खेळाच्या अटींचा भंग असला, तरी तेवढ्यानेच कंपनीच्या लेखनहक्काचे उल्लंघन होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. परंतु वॉर्डनच्या पहाऱ्याला चकविण्यासाठी बनविलेले साधन विकणे हे मात्र कायद्याविरुद्ध आहे, असा निर्णय त्याने दिला. म्हणजे यंत्राचे खेळणे आणि यंत्राचे लपणे या दोन गोष्टी न्यायालयाने निरनिराळ्या तोलल्या.

आपणही त्या निरनिराळ्याच तोलल्या पाहिजेत. खेळणारे यंत्र घडविणे यात काहीही कमीपणा नाही. उलट तो मानवी बुद्धीचा मोठा पराक्रम आहे. इ. स. १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे 'डीप ब्लू' या संगणकाने जगज्जेता गॅरी कास्पारोव याला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. तो संगणक एका सेकंदात सुमारे २० कोटी स्थितींचा विचार करू शकत असे. पटाशी बसलेला माणूस केवळ त्याने सांगितलेले मोहरे हलवीत होता. हे कास्पारोवला ठाऊक होते, प्रेक्षकांना ठाऊक होते, साऱ्या जगाला ठाऊक होते. आज तुमच्यापैकी जे बुद्धिबळ शिकत असतील, ते संगणकाबरोबर सराव करीत असतील आणि आपली कोणती खेळी चुकली हे त्याच्याकडूनच समजून घेत असतील. तो तुमचा उत्तम गुरू आहे. पण तोच संगणक मांडीखाली लपवून, त्याने सुचविलेली खेळी आपली म्हणून मित्राविरुद्ध खेळलात, तर गुरूचा तुम्ही चोरीचा साथीदार केलात असे होईल. यंत्र बदललेले नसते; मित्राशी केलेला करार तुम्ही मोडलेला असतो.

आपल्या मराठी भाषेतही सांगकाम्याचे एक सचोटीचे रूप पाहावयास मिळते. मराठी विकिपीडिया या इंटरनेटवरील ज्ञानकोशात पाने नीटनेटकी करणे, दुवे जोडणे, पुन्हा पुन्हा आढळणारी चूक शेकडो पानांवर दुरुस्त करणे, अशी कंटाळवाणी कामे सांगकामे करतात. तेथे त्यांनी लपावयाचे नसते. हे खाते माणसाचे नसून सांगकाम्याचे आहे, अशी नोंद करावी लागते आणि त्याच्या कामाची जबाबदारी ते चालविणाऱ्या माणसावर राहते. त्याने चूक केली, तर कोणाला विचारावयाचे हे सर्वांना माहीत असते. म्हणूनच त्याच्याविषयी कोणाची तक्रार नसते.

तुमच्यापैकी पुष्कळजण पुढे आज्ञावल्या लिहिण्यास शिकतील. काहीजण कदाचित आताच शिकत असतील. एखादे कंटाळवाणे काम समोर आले की ते यंत्राकडे सोपवावे, असे तुम्हांला वाटेल आणि ते योग्यही असेल. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे काम यंत्र करीत आहे, असे मी सर्वांसमक्ष सांगू शकेन काय? उत्तर होकारार्थी असेल, तर निःशंकपणे पुढे जा. ज्या यंत्राला तुम्हांला माणसाचे सोंग द्यावे लागते, त्याच्या पलीकडे कोणीतरी फसविला जाणारा माणूस बसलेला असतो, हे विसरू नका. पडद्यावर आपल्याला केवळ त्याचे नाव आणि आकृती दिसते. परंतु तोही तुमच्यासारखाच आपला दिवसाचा एक तास घेऊन खेळावयास आलेला असतो.